सुभद्रेचं माहेर

माणसाला काही गोष्टींवर विनाकारण मालकी हक्क वाटतो. रेल्वेतली खिडकीजवळची जागा, केशकर्तनालयातली नेहमीची खुर्ची आणि लहानपणी ऐकलेलं नाटकातलं गाणं. यांपैकी खिडकीची जागा रेल्वेची असते, खुर्ची न्हाव्याची असते, हे भांडण झालं की कळतं. पण गाणं कुणाचं असतं? प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे. पण वाचकांनी घाबरून पान उलटू नये. मी बी. कॉम. आहे. जगातल्या कुठल्याही प्रश्नाला जमा आणि नावे अशा दोनच बाजू असतात, यापलीकडे मला तत्त्वज्ञान शिकवलेलं नाही.

माझं नाटक म्हणजे 'संगीत सौभद्र'. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ते १८८२ साली खास माझ्यासाठी लिहून ठेवलं, अशी माझी फार दिवसांची समजूत आहे. मी ते पहिल्यांदा पाहिलं नवव्या वर्षी, जळगावच्या बालगंधर्व खुल्या नाट्यगृहात. वर आकाश, खाली सतरंजी आणि शेजारी आजोबांचं घोरणं. पद सुरू झालं की आजोबा जागे व्हायचे, गद्य सुरू झालं की पुन्हा झोपायचे. संगीत नाटक कसं पाहावं याचं शिक्षण मला असं घराण्यातूनच मिळालं. तेव्हापासून आजपर्यंत मी 'सौभद्र' अकरा वेळा पाहिलं आहे. सगळी पदं पाठ आहेत. मार्च अखेरीला ताळा जुळेना की ती आपोआप तोंडात येतात. मग समोरचा ग्राहक दुसऱ्या काउंटरला जातो, हा बँकेचा फायदा म्हणा.

गोष्ट सगळ्यांना माहीतच आहे. सुभद्रेचा जीव अर्जुनावर. पण थोरला भाऊ बलराम तिला दुर्योधनाच्या घरी द्यायला निघालेला. मधला भाऊ कृष्ण. तो कुठल्याच कागदावर सही करत नाही, कुणाला उघड विरोध करत नाही आणि शेवटी सगळं आपल्या मनासारखं घडवून आणतो. असा शाखाधिकारी मला नोकरीत एकदाही लाभला नाही. अर्जुन संन्याशाचा वेष घेऊन बलरामाच्याच घरी पाहुणचार झोडतो, गोंधळ होतो, लग्न लागतं. रक्तपात नाही, मरण नाही. माणसानं अकरा वेळा पाहावं असंच नाटक.

गेल्या वर्षी सुरतेहून मामेभावाचा फोन आला. आमच्या खानदेशातली निम्मी माणसं शेतावर आणि निम्मी सुरतेत, असं थोडं वाढवून म्हणायला हरकत नाही. धुळे-जळगाव-नंदुरबारकडची माणसं कापडाच्या कामाला तिकडे गेली, उधना-लिंबायत भागात राहिली आणि तिकडचीच झाली. मामेभाऊ म्हणाला, "भाऊ, गणपतीत आमचं मंडळ 'सौभद्र' करतंय. पोरगी सुभद्रा आहे. माय-आत्याला घेऊन या." मला भरून आलं. मग तो म्हणाला, "फक्त एक आहे, गुजरातीत आहे."

"का?"

"पोरांना मराठी वाचता येत नाही ना, भाऊ. पाठ कशी करणार?"

ही बातमी मी दुसऱ्या दिवशी बँकेत सांगितली. आमचे हेड कॅशियर पुण्याहून बदली होऊन आलेले. नाट्यसंगीत या विषयावर ते नोटा मोजतानासुद्धा बोलतात आणि मोजणी चुकत नाही. त्यांनी गड्डी खाली ठेवली. "गुजरातीत? सौभद्र? अहो, तुमच्या बामणोदच्या वांग्याचा कुणी केक केला तर चालेल का तुम्हाला?"

हा घाव वर्मी होता. भरिताचं वांगं हिरवं, मोठं असावं, ते पऱ्हाटीच्या काड्यांवर भाजावं, बडगीत ठेचावं आणि कळण्याच्या भाकरीशी खावं, यावर खानदेशात मतभेद नाहीत. ते गॅसवर भाजणाऱ्या पुण्या-मुंबईच्या लोकांना आम्ही क्षमा करतो, जेवायला बोलावत नाही.

"नाट्यपद म्हणजे अकाउंट पेयी चेक," हेड कॅशियर पुढे म्हणाले. "दोन रेघा मारलेला. ज्या भाषेच्या नावावर आहे तिच्याच खात्यात जमा होणार. दुसऱ्यानं खिडकीवर आणला तर परत करायचा."

मी म्हटलं, "आणि बेअरर असला तर? धारकाला द्यावेच लागतात ना पैसे?"

"ते बघून घ्यावं लागेल," असं म्हणून त्यांनी गड्डी पुन्हा उचलली. बँकेत 'बघून घ्यावं लागेल' याचा अर्थ चर्चा संपली असा असतो. पण माझ्या डोक्यात ती तिथून सुरू झाली.

मायला घेऊन मी ताप्तीकाठच्या रेल्वेनं निघालो. माय धुळ्याकडची, पांझराकाठची. घरात अहिराणीशिवाय बोलत नाही. आमच्याशी शाळेतली मराठी बोलताना ती पाहुण्यांसमोर नवं लुगडं नेसल्यासारखी अवघडून बसते. धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार करत गाडी नवापूरला आली. हे स्टेशन मुद्दाम पाहण्यासारखं आहे. त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत. फलाटावर एक बाक असा आहे की त्याच्या एका टोकाला बसलेला माणूस महाराष्ट्रात असतो आणि दुसऱ्या टोकाचा गुजरातेत. मधोमध बसणाऱ्यानं काय करावं हे कुठल्याच सरकारनं लिहून ठेवलेलं नाही. मी खिडकीतून पाहिलं. बाकावर एक आजीबाई निजल्या होत्या, डोकं एका राज्यात नि पाय दुसऱ्यात, आणि त्यांच्या झोपेत कुठंही सरहद्द दिसत नव्हती.

प्रयोग मंडळाच्या मांडवात होता. पडदा वर जाण्यापूर्वी एका पोरानं माइकवर येऊन सांगितलं की हे नाटक मूळ मराठीत अण्णासाहेब किर्लोस्करांनी लिहिलं, चाली त्यांच्याच आहेत, भाषा आमची आहे. ऑडिटच्या दृष्टीनं मला हे फार बरं वाटलं. ज्याच्याकडून उचललं त्याचं नाव खात्यावर स्पष्ट लिहिलेलं असलं की निम्मा गुन्हा माफ होतो. उरलेल्या निम्म्याला उचल म्हणतात.

मग नारद आले आणि त्यांनी विचारलं, "केम छो?"

मांडव हसला. मीही हसलो. बलरामाला सुभद्रा 'मोटाभाई' म्हणाली, तेव्हा माझ्या पोटात बारीक कळ आली. दादा म्हटल्यावर जो धाक वाटतो तो मोटाभाई म्हटल्यावर वाटेना. हा माणूस बहिणीला दुर्योधनाकडे देण्याऐवजी दुकानात भागीदारी देईल असं वाटू लागलं. पण पहिलं पद सुरू झालं आणि गंमत झाली. चाल तीच. हरकत त्याच जागी. माझे ओठ मराठी शब्द लावत होते आणि कानात गुजराती शब्द पडत होते, जणू एकाच चेकवर दोन सह्या. आश्चर्य म्हणजे भांडण होत नव्हतं. गुजरातीत आपल्यासारखाच 'ळ' आहे, आपल्यासारखीच तीन लिंगं आहेत. हिंदीत 'सौभद्र' बसवायचं तर 'ळ' सरहद्दीवरच ठेवून जावं लागलं असतं.

आणि मग माझ्या लक्षात आलं की मी बसलोय कुठं. ही गोष्ट कुठली? द्वारकेची. द्वारका कुठं? गुजरातेत. कृष्ण, बलराम, सुभद्रा, सगळं घर तिकडचं. त्या काळात गुजराती नव्हती हे मला मान्य आहे. पण मराठी तरी कुठं होती? द्वारकेच्या यादवांना १८८२ साली आपण मराठी बोलायला लावलं, तेव्हा गुजरातेतून कुणी तक्रार घेऊन आल्याची नोंद नाही. पुढे तर सुभद्रेच्या भूमिकेत सारा महाराष्ट्र ज्यांच्यावर भाळला ते भाऊराव कोल्हटकर मूळचे बडोद्याचे. म्हणजे आपल्याकडे गाजलेली ही सुभद्रा सर्वार्थानं गुजरातेतून केलेली सून. इतक्या वर्षांनी ती चार दिवस माहेरी आली आणि माहेरच्या बोलीत बोलू लागली, तर सासरच्यांनी दारात उभं राहून नाक मुरडावं का?

दुसऱ्या अंकाच्या सुमारास मी मायकडे पाहिलं. ती पदर तोंडाला लावून बसली होती. मला वाटलं, बिचारी कंटाळली. कळत नसणार काही. तिच्या कानाशी वाकून विचारलं, "माय, समजनं का काही?"

तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाली, "समजाले काय शे त्यामा? पोरगीना जीव एकीकडे, नि भाऊ देस दुसरीकडे. हाई समजाले भाषा कसाले लागस?"

थोड्या वेळानं, अर्जुनाचं पद संपल्यावर, स्वतःशीच बोलल्यासारखी पुन्हा म्हणाली, "तिले तरी किस्न व्हता."

वाचकहो, माझे वडील सज्जन गृहस्थ होते. मायवर त्यांनी आवाज चढवलेला मला आठवत नाही. संसार चांगला झाला, चारचौघांसारखा झाला. पण सतरा वर्षांच्या मुलीला त्या वेळी कुणी काही विचारलं होतं का, आणि विचारलं असतं तर तिनं काय सांगितलं असतं, हे आमच्या घरच्या कुठल्याच वहीत नोंदलेलं नाही. मी तिला पुढे काही विचारलं नाही. मुलानं आईला काय विचारावं याचीही एक मर्यादा असते आणि ती सत्तेचाळिसाव्या वर्षीसुद्धा ओलांडवत नाही. मी समोर पाहत राहिलो. रंगमंचावर माझ्या भावाची पोरगी मोटाभाईंपुढे मान खाली घालून उभी होती. अकरा प्रयोगांत पदांकडे कान लावून बसणाऱ्या मला त्या रात्री, शब्द हातातून काढून घेतल्यावर, ती मुलगी दिसली.

इथे आमच्या प्रश्नाला खरं तोंड फुटतं. आपल्याला नाटक आवडतं म्हणजे नक्की काय आवडतं? शब्द पाठ असले की एक सोय होते आणि एक गैरसोय. सोय ही की पुढे काय येणार हे माहीत असतं. गैरसोयही तीच. दरवाजावरच्या वॉचमनला रोज सलाम करणारा माणूस त्याचा चेहरा सांगू शकत नाही, तसं आपलं पाठ गाण्यांचं होतं. परभाषा ही त्या चेहऱ्यावर टाकलेली नवी टॉर्च आहे. अर्थात टॉर्च टाकली की सुरकुत्याही दिसतात, हे खरं.

आणि मायचं पाहा. धुळ्याजवळच्या खेड्यात वाढलेल्या बाईला पुण्यातल्या नाटकाची मराठी तरी कुठं घरची होती? ग्रियर्सनसाहेबानं १९०७ साली भारतीय भाषांची मोजदाद छापली, तेव्हा आमच्या खानदेशीला मराठीच्या कपाटात न ठेवता भिली भाषांच्या खणात ठेवलं. आम्हाला ते पटो न पटो, पण आमचं 'शे' मराठी 'आहे'पेक्षा गुजराती 'छे'च्या जवळ राहतं, हे कुणीही ऐकून सांगेल. म्हणजे जे 'सौभद्र' मी मायबोलीतलं म्हणून छातीशी धरून बसलो आहे, ते मायला पहिल्यापासून परभाषेतच भेटलं होतं. तिनं तक्रार केली नाही. हेड कॅशियरांचा नियम लावायचा तर आमच्या निम्म्या खानदेशाला संगीत नाटकाच्या खिडकीवरून परत पाठवावं लागेल.

बरं, खुद्द संगीत नाटकाचं खातं कुणी उघडलं? जुन्या वह्या काढल्या तर मजेदार नोंदी सापडतात. कर्नाटकातून भागवत मंडळी सांगलीला आली, त्यांचा कानडी खेळ पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसं काही मराठीत करायला सांगितलं आणि १८४३ साली 'सीता स्वयंवर' उभं राहिलं. पुढे १८८० साली पुण्यात पारशी कंपनीचा 'इंद्रसभा' हा उर्दू खेळ पाहून अण्णासाहेब किर्लोस्करांनी मनात घेतलं की असं मराठीत झालं पाहिजे. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला 'शाकुंतल' रंगभूमीवर आलं. स्वतः अण्णासाहेब जन्माने कर्नाटकातल्या गुर्लहोसूरचे. म्हणजे आपली रंगभूमी दोन वेळा जन्मली आणि दोन्ही वेळा कुणीतरी परक्या भाषेतलं संगीत नाटक पाहून घरी आला होता. तो घरी येऊन "छे, ते आपलं नाही" म्हणाला असता, तर हेड कॅशियर आज कशाबद्दल बोलले असते?

कालिदासाचं तर विचारूच नका. त्याच्या मूळ नाटकात दुष्यंत संस्कृत बोलतो आणि शकुंतला प्राकृत. दोघांचं प्रेम जमतं, लग्न होतं, ओळख विसरली जाते आणि पुन्हा पटते. दुभाषा कुठंही लागत नाही. त्याच 'शाकुंतला'चा १७९१ सालचा जर्मन अनुवाद वाचून गटेसारखा कवी वेडा झाला. शॉसाहेबांची आणखी मजा. इंग्रजी शब्द कसे उच्चारावेत यावर त्यांनी 'पिग्मॅलियन' लिहिलं आणि त्याचा पहिला प्रयोग झाला १९१३ साली व्हिएन्नात, जर्मन भाषेत! इंग्रजी उच्चारांचं नाटक, ज्यात इंग्रजीचा एक उच्चार नाही. तेच पुढे पु. लं.नी 'ती फुलराणी' म्हणून मराठीत आणलं, तेव्हा आपण टाळ्या वाजवल्या. घेताना बेअरर आणि देताना अकाउंट पेयी, हा व्यवहार कुठल्याही बँकेत चालणार नाही.

हे सगळं मी हेड कॅशियरांना डबा खाताना ऐकवलं. ते शांतपणे जेवले आणि म्हणाले, "तुमचा इतिहास बरोबर आहे. पण माझा प्रश्न वेगळा. सांगलीचे लोक कानडी खेळ बघून घरी मराठीच बोलत होते. तुमच्या भावाची पोरं मराठी विसरली म्हणून गुजराती करतायत. पाहुणा घरात येणं आणि घरमालकानं घर सोडणं, यात फरक आहे की नाही?"

फरक आहे. हेड कॅशियर उगाच हेड नाहीत. एका भाषेतून दुसरीत जाताना वटणावळ कापली जाते, ती माझ्याही कानांना त्या रात्री कळली होती. एकेका पदात अक्षरं तानेच्या अंगानं बसवलेली असतात. शब्द बदलला की तान दारात अडते. काही विनोद तर नवापूरलाच उतरून गेले होते. ही तूट मी वहीत लाल शाईनं मांडतो. आणि ज्या घरातली पोरं आजीशी तिच्या बोलीत भांडू शकत नाहीत, त्या घरात काहीतरी बुडीत खात्यात गेलेलं असतं, हेही मांडतो. पण पोरांना मराठी येत नाही याचं कारण गुजराती 'सौभद्र' नव्हे. ते कारण कापडाच्या गिरण्या, पगार, शाळा आणि पावसावर अवलंबून असलेली आमची शेती. नाटकानं एवढंच केलं की जे घर सुटलं होतं त्याची एक खिडकी उघडी ठेवली.

याला माझ्याकडे पुरावा आहे. प्रयोगानंतर मेकअप पुसता पुसता पोरगी माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "काका, ते शेवटचं पद मराठीत कसं आहे?" मी म्हणून दाखवलं. मांडवातले दोघे-तिघे थांबले, एक कुत्रं उठून गेलं. तिनं एका कागदावर ते उतरवून घेतलं, गुजराती लिपीत. गुजराती अक्षरांवर रेघ नसते. आयुष्यात पहिल्यांदा मी आपली मराठी डोक्यावरचा पदर ढळलेली पाहिली. ओळखता येत होती. मग पोरगीनं तो कागद माझ्या मायला वाचून दाखवला, आणि मायनं तिचे दोन उच्चार दुरुस्त केले. ज्या मराठीला माय जन्मभर लोकांची भाषा समजत आली, ती तिनं नातीला शिकवताना आपलीच म्हणून शिकवली.

तेव्हा गाणं कुणाचं? आमच्या पांझराकाठच्या शेताला लागून एक पायवाट आहे. ती कुणाच्या सातबाऱ्यावर नाही; पण वहिवाट सगळ्यांची आहे. दुसऱ्या गावचा माणूस तिच्यावरून गेला म्हणून आमची वाट कमी होत नाही. उलट ज्या वर्षी फारसं कुणी जात नाही, त्या वर्षी तिच्यावर गाजरगवत माजतं आणि आम्हालाच लांबून वळसा पडतो. नाट्यपदांचं मला तसंच वाटतं. जाणाऱ्यानं वाटेत कुणाचं पीक तुडवू नये, आणि वाट कुणी पाडली हे विचारलं तर नाव सांगावं. एवढी अट पुरे.

हेड कॅशियरांना हे अजून पटलेलं नाही. यंदा मामेभावाचं मंडळ 'मृच्छकटिक' करणार आहे म्हणे. मी दोन तिकिटं काढली, एक मायचं, एक माझं. परवा हेड कॅशियर काउंटरवरून सहज म्हणाले, "नवापूरचा तो बाक खरंच दोन राज्यांत आहे का हो?" मी म्हटलं, "बघून घ्यावं लागेल." आता तिकिटं तीन आहेत.